रुग्णनोंदीतील गफलत (कौटुंबिक वैद्यक)

रुग्णाचे जुने आजार, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि रिपोर्ट यांची माहिती अर्धवट राहिल्याने, विखुरल्याने किंवा वेळेवर न पोचल्याने उपचारात होणारी चूक. तिचा मोठा भार फॅमिली डॉक्टरवर पडतो. तज्ज्ञ, रुग्णालय, लॅब आणि मेडिकलवाला या सगळ्यांकडची माहिती शेवटी त्याच्याच टेबलावर येते. अर्थात आली तर.

महाराष्ट्रात बाह्यरुग्णाची फाइल बहुधा त्याच्याच घरी असते. प्लास्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर, पुसट झालेला ईसीजी, डिस्चार्ज कार्ड आणि कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. पट्टी कापली की औषधाचे नाव आणि मुदत बऱ्याचदा दुसऱ्या तुकड्याबरोबर जाते. मग ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर अंदाज बांधायचा.

सर्वांत नाजूक वेळ डिस्चार्जनंतरची. रुग्णालयात मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड सुरू होते. घरी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने आधीपासून चालू असते. कार्डावर ‘जुन्या गोळ्या चालू ठेवा’ एवढीच ओळ. रुग्ण दोन्ही घेतो आणि साखर एकदम उतरून घामाघूम होतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर हाताच्या सवयीने ०-०-१ (म्हणजे रोज रात्री एक) पडले, तर रोजच्या गोळीने रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. यात डॉक्टरचे ज्ञान कमी पडलेले नसते. वार लिहायचा राहिलेला असतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या, म्हणजे रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या, नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. नोंदी मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. ३ वर्षांची अट मात्र आंतररुग्णांपुरतीच. दवाखान्यात वर्षानुवर्षे बीपी-शुगरसाठी येणारा माणूस तिच्यात बसत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने औषधाचे जेनेरिक (कंपनीचे नव्हे, मूळ औषधाचे) नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. ब्रिटनमध्ये डॉक्टर बदलला की नोंदी रुग्णाच्या मागोमाग नव्या डॉक्टरकडे जातात. १९११ च्या विमा कायद्यानंतर रूढ झालेली, तो कायदा आणणारे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी कागदी पाकिटे हे काम कित्येक दशके करत होती.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात रुग्णाच्या संमतीने नोंदी १४ अंकी आभा क्रमांकाला, म्हणजे त्याच्या डिजिटल आरोग्य खात्याला, जोडता येतात. पण संध्याकाळी बाकावर पंधरा माणसे ताटकळत असताना एकट्या डॉक्टरने टायपिंग कधी करायचे? शिवाय कॉम्प्युटरची स्वतःची दुखणी आहेतच: मागच्या भेटीची यादी जशीच्या तशी उतरते आणि बंद केलेली गोळी यादीत चालूच राहते.

काही डॉक्टर घरातली सगळी औषधे, चूर्ण-काढ्यांसकट, पिशवीत घालून आणायला सांगतात. टेबलावर ओतून एकेक विचारतात. शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघेदुखीची गोळी गेले दोन महिने रोज चालू आहे, हे तेव्हा कळते.