क्ष मानण्याआधी

एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येला ‘व’ आणि प्राध्यापकांच्या संख्येला ‘प’ माना आणि समीकरण लिहा.

घाईत बऱ्याच जणांच्या हातून ६व = प असं उतरतं. आता ताळा करून बघा. प्राध्यापक १० असतील, तर विद्यार्थी ६०. मग ६ गुणिले ६०, म्हणजे ३६०, हे १० च्या बरोबर कसे? बरोबर समीकरण आहे व = ६प. १९८० च्या सुमारास अमेरिकेत हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारला, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली. त्या मुलांना गुणाकार येत नव्हता, असं कोण म्हणेल?

घोळ अक्षरात आहे. ‘६ मी’ म्हणजे सहा मीटर वाचायची आपल्याला सवय असते, त्याच सवयीने ‘६व’ हे ‘सहा विद्यार्थी’ असं वाचलं जातं. पण व हा विद्यार्थी नव्हे, ती विद्यार्थ्यांची संख्या आहे. म्हणून ‘समजा, आंबे = क्ष’ असं वहीत दिसलं की मी तिथेच थांबवतो. आंब्यांचं काय? संख्या, वजन की किंमत?

‘जास्त दिसलं की बेरीज, कमी दिसलं की वजाबाकी’ हा कानमंत्र तर सरळ फसवतो. माझ्याकडे १२ गोट्या आहेत, तुझ्यापेक्षा ५ जास्त. तुझ्याकडे किती? शब्द ‘जास्त’, क्रिया वजाबाकीची.

गाडं अडलं, तर बिनधास्त एखादं उत्तर धरून बघावं. अंदाज म्हणजे लबाडी, असं उगाच मनात बसलेलं असतं. इसवी सनापूर्वी १५५० च्या आसपासच्या इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरस या गणिताच्या हस्तलिखितात हीच रीत आहे. एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला की १९ होतात, तर रास किती? लेखनिक आधी ७ धरतो. ७ आणि १ मिळून ८. हवेत १९, म्हणून ७ ला १९/८ ने गुणायचं: १६ पूर्णांक ५/८. क्ष कुठेही नाही. (ही युक्ती इथे चालते, कारण रास दुप्पट केली की बेरीजही दुप्पट होते. प्रत्येक उदाहरणात तसं होत नाही.) पण धरलेल्या आकड्याचा ताळा करताना जे काही केलं, तेच आकड्याच्या जागी क्ष ठेवून लिहिलं की समीकरण तयार!

भूमितीत हे काम आकृती करते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तला बांबू घ्या. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? आकृती न काढणारा ३२ लाच कर्ण समजून मोकळा होतो. काढली की दिसतं, कर्ण म्हणजे फक्त मोडलेला तुकडा. उभा भाग क्ष, तर कर्ण ३२ − क्ष. पायथागोरसच्या सिद्धांताने क्ष² + २५६ = (३२ − क्ष)². दोन्हीकडचा क्ष² उडतो, उरतं ६४क्ष = ७६८, म्हणून क्ष = १२.

मोडलेला तुकडा २० हातांचा. १४४ + २५६ = ४००, ताळा जुळला. एवढं सगळं करून शेवटी ‘उत्तर: २० हात’ लिहिणारे असतातच. प्रश्न बांबू किती उंचीवर मोडला, हा होता.