प्रवाळाची भूक आणि चुन्याची निवळी

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवू पाहणाऱ्या नवशिक्याला हमखास मिळणारा सल्ला असा, की दिवा चांगला घ्या, प्रवाळ प्रकाशावर जगते, त्याला वेगळे खाऊ घालावे लागत नाही. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी अनेक टाक्यांमधील प्रवाळे महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून झिजत जातात.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पॉलिपच्या, म्हणजे तोंड आणि संस्पर्शक असलेल्या एकेका इवल्या जीवाच्या, आतल्या थरातील पेशींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात; एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. प्रकाशसंश्लेषणातून ती जी शर्करा, ग्लिसरॉल आणि मेद तयार करतात, त्यांतला मोठा वाटा, चांगल्या प्रकाशात अगदी ९० टक्क्यांपर्यंतही, यजमान प्रवाळाला मिळतो. ऊर्जेची सोय अशी होते, परंतु या पुरवठ्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस फारच कमी असतात, आणि त्यांच्यावाचून प्रथिने व डीएनए बनत नाहीत, म्हणजेच नवे ऊतक वाढत नाही. ही उणीव प्रवाळ शिकार करून भरून काढते.

ती शिकार पाहायची असेल तर दिवे मालवल्यावर तासाभराने टाकीजवळ बसावे. दिवसा नुसत्या मांसल गादीसारख्या दिसणाऱ्या लोबोफिलिया या प्रवाळाच्या अंगावर तेव्हा लहान, पारदर्शक संस्पर्शक, म्हणजे बोटांसारखे अवयव, उभे राहिलेले दिसतात. पाणी खेळवणारा पंप बंद करून पिपेटने आर्टेमिया या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची थोडी पिल्ले त्यांच्यावर अलगद सोडली, की संस्पर्शकांवरील दंशपेशींमधून सूक्ष्म विषारी धागे सुटतात, पिल्लू जागीच चिकटते, संस्पर्शक आत वळतो, आणि काही मिनिटांत फटीसारखे तोंड उघडून घास आत ओढला जातो. पंधरा-वीस मिनिटांनी पंप पुन्हा सुरू करावा. शैवाले असलेल्या प्रवाळाला आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. ट्यूबॅस्ट्रियासारख्या प्रवाळात मात्र ही शैवाले मुळीच नसतात, त्यामुळे त्याला वारंवार खाऊ घातले नाही तर कितीही महागडा दिवा त्याला वाचवू शकत नाही.

उरलेले खाद्य कुजते आणि त्यातून नायट्रेट व फॉस्फेट वाढतात. त्यांतील फॉस्फेट प्रवाळाच्या चुनखडीच्या सांगाड्यातील स्फटिकांच्या वाढीत थेट अडथळा आणते. रंग खुलवण्याची आणि झपाट्याने वाढ होण्याची हमी देणाऱ्या, पण घटक व प्रमाण न छापलेल्या बाटल्यांपासून याचसाठी दूर राहावे. पाण्यात काय जात आहे हे ठाऊक नसताना ते ओतणे म्हणजे गंडेदोरे बांधण्याचाच प्रकार आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सांगाड्याची भूक. पॉलिपच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर असतो, आणि तो थर व त्याखालचा सांगाडा यांच्यामध्ये थोडासा द्रव कोंडलेला असतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. कार्बनही असतो, पण तो मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात, आणि स्फटिक रचायला तर कार्बोनेट लागते. म्हणून या पेशी एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करून एक रेणवीय पंप चालवतात, जो एक कॅल्शियम आयन या द्रवात सोडतो आणि त्याच्या बदल्यात दोन हायड्रोजन आयन बाहेर काढतो. त्यामुळे द्रवाचा सामू चढतो, बायकार्बोनेट आपला हायड्रोजन सोडून कार्बोनेट बनते, ते कॅल्शियमशी जुळते आणि अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या एका प्रकाराच्या सुईसारख्या स्फटिकाच्या रूपाने सांगाड्यावर बसते. सुटलेला हायड्रोजन सतत बाहेर काढत राहावे लागते, अन्यथा ही क्रिया तिथेच थांबेल. पंपाची ऊर्जा आणि त्यासाठीचा ऑक्सिजन शैवालांच्या कामातून मिळतो, म्हणूनच उजेडात सांगाडा अंधारापेक्षा सरासरीने तिप्पट वेगाने वाढतो.

बाहेर पडलेले हायड्रोजन आयन टाकीच्या पाण्यातील बायकार्बोनेट खर्च करतात आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, उतरते. हौशी मंडळी ती डीकेएच या एककात मोजतात. हिशेब पक्का आहे: २.८ डीकेएच खर्ची पडले की दर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम संपते. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ७ वर आली, तर कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ४१३ वर येते, आणि एवढा फरक घरगुती चाचणीत कळतही नाही. केवळ कॅल्शियम मोजून निश्चिंत राहणारा इथेच फसतो. २०० लिटरच्या टाकीत रोज १ डीकेएच उतरत असेल, तर तिथे दिवसाला सुमारे साडेतीन ग्रॅम चुनखडी रचली जात आहे असे समजावे.

ही तूट घाईने भरू नये. मी एकदा ६ पर्यंत उतरलेली अल्कलिनिटी एका संध्याकाळी ९ वर नेली, आणि पुढच्या काही दिवसांत अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांची टोके पांढरी पडून त्यांवरचे ऊतक गळून गेले. तेव्हापासून दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढ मी होऊ देत नाही.

शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ होताना आपण सर्वांनी पाहिले आहे; तो दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. टाकीतली तूट भरायला हीच निवळी कामी येते: तिच्यात एका कॅल्शियमसोबत दोन हायड्रॉक्साइड असतात, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळ ज्या प्रमाणात वापरते, नेमक्या त्याच प्रमाणात तिच्यातून परत मिळतात. वर सांगितलेल्या २०० लिटरच्या टाकीला रोज सुमारे पावणेदोन लिटर संपृक्त निवळी लागेल, आणि उघड्या टाकीतून बाष्पीभवनाने बहुधा तेवढेच पाणी उडत असते, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी निवळीच घालता येते. ती शुद्ध केलेल्या आरओ पाण्यात करावी, कारण तांब्याचा अंशही पॉलिपला घातक ठरतो. निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबानेच सोडावी, आणि शक्यतो रात्री, जेव्हा प्रकाशसंश्लेषण थांबून पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो व टाकीचा सामू उतरलेला असतो. भांड्याच्या तळाचा गाळ न ढवळता फक्त वरचे नितळ पाणी घ्यावे.