स्वयंचलित स्नॅपशॉट (लिनक्स फाइल सर्व्हर)

फाइलप्रणालीची त्या-त्या क्षणाची अवस्था ठरल्या वेळी आपोआप गोठवून ठेवण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात असा सर्व्हर म्हणजे बहुधा जिनिंगच्या ऑफिसात कपाटाआड ठेवलेला जुना संगणक. त्यावर साम्बा (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला उघडून देणारा प्रोग्रॅम) चालतो आणि काटापावत्या, रुई-सरकीचे हिशेब तीन-चार विंडोज संगणकांवरून उघडले जातात. कोणी चुकून दुसऱ्याच गाडीचे वजन जुन्या पानावर सेव्ह केले, की सकाळचे पान परत मिळवायला स्नॅपशॉट लागतो.

स्नॅपशॉट ही वेगळी प्रत नसते. झेडएफएस (सन मायक्रोसिस्टिम्स, २००५) आणि बीटीआरएफएस (२००९ पासून लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात) या फाइलप्रणाली बदललेला मजकूर जुन्यावर न गिरवता नव्या जागी लिहितात. जुने ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) मोकळे करायचे नाहीत, एवढेच स्नॅपशॉट सांगतो. म्हणून तो क्षणात तयार होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. एलव्हीएमच्या (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) जुन्या प्रकारात मात्र राखून ठेवलेली जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो.

वेळापत्रकासाठी क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम) सर्रास वापरतात, पण यंत्र सतत चालू आहे हे तो धरून चालतो. रात्री दोनचा स्नॅपशॉट लावला आणि लाइन बाराला गेली, तर इन्व्हर्टर दमल्यावर त्या रात्रीचे काम बुडते. अशा ठिकाणी सिस्टीमडीचा (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारी यंत्रणा) टायमर बरा. त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवले, की यंत्र सुरू होताच चुकलेले काम उरकले जाते. मात्र दहा वेळा चुकले तरी भरपाई एकदाच. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असेल तर घड्याळच मागे जाते आणि स्नॅपशॉटना भलत्याच तारखा पडतात. ती आधी बदलावी.

नवे घेण्याइतकेच जुने काढणेही स्वयंचलित हवे. स्नॅपर किंवा सॅनॉइड ही साधने तासाचे, दिवसाचे, महिन्याचे किती ठेवायचे ते पाळतात. कापसाच्या हंगामात दर तासाला घ्यावेत. उन्हाळ्यात, आवक थांबल्यावर, दिवसाला एक पुरे. ही काटछाट नसेल तर सर्व्हरवर टाकलेला कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ पुसूनही डिस्क भरलेलीच दिसते, कारण जुन्या स्नॅपशॉटने तो धरून ठेवलेला असतो.

साम्बाच्या ‘शॅडो कॉपी’ मॉड्यूलमुळे विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून मागची आवृत्ती काढता येते, कारकुनाला लिनक्स शिकावे लागत नाही. स्नॅपशॉटच्या नावातली वेळ हे मॉड्यूल ग्रीनिचची मानते. नावे स्थानिक वेळेने दिली आणि तसे साम्बाला सांगितले नाही, तर यादीतल्या वेळा साडेपाच तास सरकतात.

डिस्कच जळाली तर तिच्यावरचे सगळे स्नॅपशॉटही गेले. त्यामुळे स्नॅपशॉट असले तरी बॅकअप लागतोच. बीटीआरएफएस आणि झेडएफएस दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढा दुसऱ्या डिस्कवर पाठवू शकतात. ती डिस्क संध्याकाळी मालकाच्या घरी गेलेली बरी.