लहान युद्धनौकेवर हेलिकॉप्टर कसं आलं

गस्तनौकेच्या डोलकाठीवर २० मीटर उंचीला बसवलेल्या रडारला पाण्यालगतची होडी साधारण १८ किलोमीटरपर्यंतच सापडते. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. तेच रडार हेलिकॉप्टरने हजार मीटरवर नेलं, तर नजर १३० किलोमीटरपर्यंत जाते. मोजक्या जहाजांवर अफाट समुद्र राखणाऱ्या नौदलाचं सगळं गणितच त्यामुळे बदलतं.

१९१० साली युजीन एली या अमेरिकी वैमानिकाने क्रूझर जातीच्या युद्धनौकेवरून विमान उडवलं आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या जहाजावर उतरवलंही. त्यातून पुढे विमानवाहू नौका आल्या, पण त्या पोसणं बड्या देशांनाच परवडलं. क्रूझरवरची विमानं परतताना पाण्यात उतरायची आणि क्रेनने वर घ्यावी लागायची. समुद्र खवळला की तेही अवघड. जागच्या जागी उतरणाऱ्या हेलिकॉप्टरमुळे अर्धी अडचण सुटली. उरली ती डोलणाऱ्या डेकची.

ती सोडवली कॅनडाने. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम तेच. सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढायला त्यांना छोट्या विनाशिकांवर सी किंगसारखं जड हेलिकॉप्टर हवं होतं. १९६०च्या दशकात त्यासाठी ‘बेअरट्रॅप’ म्हणजे ‘अस्वलाचा सापळा’ नावाची, हेलिकॉप्टर डेकवर ओढून पकडणारी यंत्रणा तयार झाली. डेकच्या वर थांबलेलं हेलिकॉप्टर बारीक दोर खाली सोडतं. नौसैनिक त्याला जाड तारदोर जोडतात. तो वर खेचून हेलिकॉप्टरच्या पोटाला अडकवला जातो. जहाजावरची विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, ती तार ताणून धरते. डेक क्षणभर स्थिरावला की अधिकारी इशारा देतो, हेलिकॉप्टर खाली येतं आणि त्याच्या पोटाखालचा दांडा पोलादी जबड्यात पक्का धरला जातो. मग तोच सापळा रुळावरून त्याला हँगरमध्ये नेतो. कॅनडाचे सी किंग २०१८पर्यंत सेवेत होते.

१९८२च्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर किनारी देशाचा हक्क असतो तो पट्टा, मान्य केलं आणि चोरट्या मासेमारीवर लक्ष ठेवायचं काम कितीतरी पटींनी वाढलं. एकट्या न्यूझीलंडकडे सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर समुद्र आहे. डेन्मार्क तर त्याआधीपासूनच ग्रीनलंडच्या पाण्यातल्या गस्तीला जहाजावर हेलिकॉप्टर नेत होता. आयर्लंडनेही १९८४मध्ये हँगर असलेली ‘एथना’ ही गस्तनौका सेवेत घेतली, पण तिच्यावरची हेलिकॉप्टर उड्डाणं पुढे बंद पडली. वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग आणि सततचा सराव हे सगळं वर्षानुवर्षं टिकवावं लागतं, आणि लहान नौदलांचा हात तिथेच आखडतो.

म्हणून आता ड्रोनकडे ओढा आहे. २००९मध्ये सोमालियाजवळ चाच्यांनी ओलीस धरलेल्या कप्तानाच्या जीवरक्षक होडीवर अमेरिकी नौदलाने ‘स्कॅनईगल’ ड्रोननेच नजर ठेवली होती. टेहळणी त्यावर भागते. लाटांत सापडलेल्या खलाशाला दोराने वर उचलून घ्यायला मात्र हेलिकॉप्टरच लागतं.