प्रशिक्षण संपल्यानंतरचे दिवस

प्रशिक्षणाचा दिवस संपत आला, की हातात एक फॉर्म येतो. कार्यक्रम कसा वाटला, विषय नीट समजला का, व्यवस्था कशी होती. एक ते पाच गुण द्या. निघण्याच्या घाईत माणसं भराभर चार-चार गुण देऊन टाकतात आणि त्यांची सरासरी अहवालात जाऊन बसते. अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: कार्यक्रम आवडला का, त्यातून काही शिकलं गेलं का, कामाची पद्धत बदलली का आणि संस्थेच्या कामगिरीत फरक पडला का. हा फॉर्म पहिल्या पायरीपलीकडे जात नाही. पुढे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा कार्यक्रम आवडणं आणि त्यातून शिकणं यांचा संबंध फारच क्षीण असल्याचं दिसलं.

कर्मचाऱ्यांचं कामात मन लागावं म्हणून प्रशिक्षणावर खर्च करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. शिकलेली गोष्ट आपल्याच कामात वापरता आली आणि ती जमली, की माणूस कामात गुंततो. म्हणून प्रशिक्षणाचा कस वर्ग सुटल्यानंतरच्या आठवड्यांत लागतो, असं मला ठामपणे वाटतं.

कामात गुंतण्याचा शास्त्रीय अभ्यास तसा अलीकडचा. विल्यम कान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दोन अगदी वेगळ्या ठिकाणची माणसं निवडली होती: मुलांच्या उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचनेच्या कंपनीतले कर्मचारी. एकच माणूस कधी कामात जीव ओततो आणि कधी अंग काढून घेतो, असं त्यांना आढळलं. हा फरक ठरवणाऱ्या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. हे काम करण्यात अर्थ आहे का? मोकळेपणाने वागलो, तर अंगाशी येणार नाही ना? आणि त्या क्षणी अंगात तेवढी शक्ती, डोक्यात तेवढी जागा उरली आहे का? तिसरा प्रश्न प्रशिक्षण आखताना सर्रास विसरला जातो. दिवसभर वर्गात बसवायचं आणि रोजचं टार्गेट जसंच्या तसं ठेवायचं, असं केलं की शिकण्याचा दिवस शिक्षा वाटू लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची आतली उमेद तीन गरजांवर पोसली जाते. आपल्या कामावर आपला काही ताबा असावा, काहीतरी चांगलं जमतंय असं जाणवावं आणि सोबतच्या माणसांशी आपलं नातं असावं. चांगलं प्रशिक्षण या तिन्ही गरजा एकदम भागवू शकतं. ‘हजर राहणे सक्तीचे आहे’ एवढाच निरोप पाठवून जे काम पंधरा वर्षं करतोय तेच शिकवायला बसवलं, तर तिन्हींना एकदम धक्काही बसतो. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ या विश्वासाची उगमस्थानं शोधली. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं यांचा उपयोग होतो, पण स्वतः केलं आणि जमलं या अनुभवाएवढं बळ कशातच नाही. प्रेरणादायी भाषणांवरचा खर्च कमी करून तो सरावाकडे वळवावा, हे मला यावरूनच पटलं.

सराव कसा घ्यावा, याचं एक जुनं उदाहरण आजही अभ्यासण्याजोगं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी कामगारांची मोठी भरती झाली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी सरकारने सुपरवायझर लोकांना ‘शिकवायचं कसं’ हे शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. दोन-दोन तासांची पाच सत्रं, गट दहाएक जणांचा. पहिल्याच सत्रात प्रशिक्षक एकाला पुढे बोलवायचा आणि विजेच्या वायरला मारायची एक विशिष्ट गाठ फक्त तोंडी सांगायचा. समोरच्याला ती मारता यायची नाही. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवायचा. तरीही जमायचं नाही. त्यानंतर चार टप्प्यांची पद्धत यायची: शिकणाऱ्याची मनाची तयारी करायची, एकेक पायरी दाखवत तिचं मर्म सांगायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करताना तो ‘का’ हे स्वतःच्या शब्दांत सांगतोय याची खात्री करायची, शेवटी त्याला कामावर सोडून अधूनमधून जाऊन पाहायचं. पुढच्या सत्रांत प्रत्येक सुपरवायझरला स्वतःच्या खात्यातलं खरं काम आणून शिकवून दाखवावं लागे. शिकणाऱ्याला आलं नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही, असं या कार्यक्रमाचं ब्रीद होतं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाच्या कार्यपद्धतीत मुरली.

त्यातला चौथा टप्पा, म्हणजे नंतर जाऊन पाहणं, आज सर्वांत आधी गळतो. स्मृतीचं शास्त्र मात्र त्याच टप्प्याच्या बाजूने आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. विस्मरणाचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि मग मंदावतो, हे त्यांनी दाखवलं. अर्थपूर्ण मजकूर जास्त टिकतो, पण घसरणीचा कल तसाच असतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. दिवसभर दोनशे स्लाइड दाखवण्यापेक्षा दोन तास शिकवून दोन दिवसांनी ‘ते करून दाखव बरं’ म्हणणं किती मोलाचं, ते यातून कळतं.

आणि हे ‘करून दाखव’ म्हणणार कोण? टिमथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षण कामात का उतरतं वा का उतरत नाही याची मांडणी केली. शिकणारा आणि शिकवण्याची रचना यांच्या जोडीला त्यांनी कामाच्या जागेचं वातावरण ठेवलं, म्हणजे वरिष्ठांचा पाठिंबा आणि वापरण्याची संधी. नवीन सॉफ्टवेअर शिकून आलेल्याला महिनाभर जुन्याच तक्त्यांवर काम करायला लावलं, तर कौशल्य जातंच, शिवाय पुढच्या प्रशिक्षणावरचा विश्वासही जातो. नवी पद्धत पहिल्या आठवड्यात हमखास वेळ खाते, चुकाही होतात. तेव्हा वरिष्ठ ओरडले, की माणूस मुकाट जुन्या पद्धतीवर येतो. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात दिसलं, की चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदवल्या जात होत्या, कारण तिथे त्या बोलून दाखवायची भीती नव्हती. म्हणून वरिष्ठांना प्रशिक्षणातून वगळणं मला सर्वांत महागडी चूक वाटते.

‘शिकवलं की माणूस दुसरीकडे जातो’ ही मालकांची जुनी धास्ती. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये तिला अर्थशास्त्रीय रूप दिलं: कुठेही चालेल असं कौशल्य शिकवण्याचा खर्च कंपनी स्वतः का उचलेल? भारतातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत याची एक सुंदर परीक्षा झाली. संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा गोष्टींचं प्रशिक्षण कामगार महिलांना द्यायचं होतं. इच्छुक पुष्कळ असल्याने सोडत काढली गेली, त्यामुळे शिकलेल्या आणि न शिकलेल्या महिलांची रास्त तुलना करता आली. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशाधम या अर्थतज्ज्ञांना शिकलेल्या महिलांची उत्पादकता स्पष्टपणे वाढलेली दिसली. नोकरी सोडण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा वाढलं नाही. कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट परतावा मिळाला.

त्या महिलांचा पगार मात्र नाममात्र वाढला. हा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. अधिक चांगलं काम करू लागलेल्या माणसाला त्या वाढीतला वाटा मिळाला नाही, तर कामात गुंतण्याचं त्याचं कारण किती दिवस टिकेल? प्रशिक्षणाचं वेळापत्रक जिथे मंजूर होतं, तिथेच कौशल्य सिद्ध झाल्यावर पगार किती वाढेल आणि कोणती जबाबदारी मिळेल, हेही लिहून मंजूर व्हायला हवं.