आरशांच्या उघडझापेने सरकणारी कड

चिप घडवताना सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्ट नावाच्या प्रकाशसंवेदी द्रव्याचा पातळ थर देतात आणि काचेवर क्रोमने रेखलेल्या मास्कमधून त्यावर प्रकाश टाकतात. मास्क म्हणजे रांगोळीचा छापच. एकाच नक्षीच्या असंख्य प्रती काढायच्या असतील तर तो उत्तम. पण नक्षी वरचेवर बदलणाऱ्या संशोधकाला दर वेळी नवा छाप करवून घेणे महाग पडते. मास्कविरहित लिथोग्राफीच्या, म्हणजे मास्कशिवाय प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या, एका प्रचलित प्रकारात ही जागा सूक्ष्म आरशांची जाळी घेते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली ही जाळी पुढे चित्रपटगृहांतील प्रोजेक्टरांतही पोहोचली. तिच्यातील प्रत्येक आरसा दोनच बाजूंना कलतो : एका बाजूला कलला की प्रकाश भिंगात शिरतो, दुसऱ्या बाजूला कलला की वाया जातो.

अडचण आरशाच्या आकाराची आहे. एका प्रचलित जाळीत शेजारच्या आरशांच्या केंद्रांमधील अंतर १३.६८ मायक्रोमीटर असते. भिंगाने प्रतिमा दहापट लहान केली, तर चकतीवर एका आरशाच्या वाट्याला सुमारे १.३७ मायक्रोमीटरचा चौकोन येतो. आता बरोबर ५ मायक्रोमीटर रुंदीची खाच हवी असेल, तर तीन चौकोनांनी ४.१ मायक्रोमीटर भरतात आणि चारांनी ५.५, मधले माप आरसे मोजून मिळत नाही.

ते मिळते प्रकाशाच्या मात्रेतून. मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले तो पडण्याचा काळ. पॉझिटिव्ह प्रकारच्या रेझिस्टमध्ये ही मात्रा एका उंबरठ्यापलीकडे गेली, तरच तेथील थर डेव्हलपर द्रवात विरघळून जातो. खाचेसाठी तीन आरसे पूर्ण वेळ आणि चौथा सुमारे दोन तृतीयांश वेळ चालू ठेवला, तर उंबरठा जिथे ओलांडला जातो ती जागा चौथ्या चौकोनाच्या आत सरकते आणि रुंदी ५ मायक्रोमीटरच्या जवळ येते. आरशाला अर्धवट कलता येत नाही. त्याची उघडझाप मात्र सेकंदाला हजारो वेळा होऊ शकते. एका आरशाच्या मात्रेच्या सोळा पायऱ्या केल्या, तर खाचेची कड साधारण ८५ नॅनोमीटरच्या टप्प्याने हलवता येते.

गंमत अशी, की हे साधते ते प्रतिमा अंधुक असल्यामुळे. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश आणि ०.१ संख्यात्मक द्वारकाचे (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश सामावते याचे हे माप) भिंग घेतल्यास विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या लाटांच्या पसरण्यामुळे, प्रत्येक बिंदू सुमारे अडीच मायक्रोमीटरपर्यंत पसरतो. चौकोन एकमेकांत मिसळतात आणि तीव्रतेचा उतार सलग होतो. प्रतिमा अगदी रेखीव असती, तर चौथ्या चौकोनावर सर्वत्र सारखीच अर्धवट मात्रा पडली असती आणि तो एक तर अख्खा विरघळला असता किंवा अख्खा राहिला असता.

मात्र उतार जितका मंद, तितकी कड चंचल. दिव्याची तीव्रता थोडी ढळली किंवा रेझिस्टचा थर कमीजास्त जाड झाला, तरी मंद उतारावर उंबरठ्याची जागा बरीच सरकते. त्यातच अर्धवट उजळलेला चौकोन हा उतार आणखी मंद करतो. शिवाय मात्रा आणि सरकण यांचे नाते काटेकोर सरळ रेषेचे नसते. त्यामुळे चाचणीच्या रेषा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि त्यावरून दुरुस्तीचा तक्ता करायचा, हे कंटाळवाणे काम टळत नाही.

तिरक्या रेषांच्या पायऱ्या बुजवण्यासाठी जाळी किंचित तिरकी बसवून चकती तिच्याखालून सरकवतात. मग एकाच जागेवर अनेक आरशांचा प्रकाश आळीपाळीने पडतो आणि मात्रा ठरते ती त्यांपैकी किती जण चालू होते यावरून. एखादा आरसा निकामी असला, तरी तो झाकला जातो. मात्र चकती सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने सरकत असेल आणि आरशांवरील चित्र सेकंदाला १०,००० वेळा बदलत असेल, तर दोन चित्रांमध्ये ती १ मायक्रोमीटर पुढे जाते. म्हणून दोघांचा ताळमेळ काटेकोर लागतो.

येथे एक गल्लत टाळायला हवी. ८५ नॅनोमीटर हे कड हलवण्याचे माप आहे, रेषेच्या रुंदीचे नव्हे. अरुंद रेषेचा मध्य पुरेसा उजळत नसेल, तर मात्रा वाढवून ती उमटवता येते. पण दोन रेषांमधील अंतर विवर्तनाच्या मर्यादेखाली गेले, की त्यांचा प्रकाश एकच उंचवटा होतो, आणि आरशांची वेळ कितीही बारकाईने बदलली तरी त्या वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी मोठ्या द्वारकाचे भिंग किंवा आखूड तरंगलांबीच लागते.