चार्टर शाळा

चार्टर शाळा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, सरकारी पैशावर चालणारा पण स्थानिक शाळा-मंडळाच्या दैनंदिन कारभाराबाहेरचा शाळाप्रकार. या शाळा फी घेत नाहीत. ‘चार्टर’ म्हणजे शाळा चालवणाऱ्यांशी केलेला करार. त्यातील उद्दिष्टे मुदतीत गाठली नाहीत, तर करार रद्द होऊन शाळा बंद होऊ शकते.

कल्पनेचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रे बडी यांनी ती साधारणतः १९७० च्या दशकात मांडली, असे मानतात. तिची चर्चा मात्र १९८८ च्या सुमारास सुरू झाली. त्यांच्या आराखड्यात करार व्हायचा तो शिक्षकांच्या गटाशी आणि बहुधा शाळेतील एखाद्या विभागापुरता. त्याच वर्षी शिक्षक संघटनेचे नेते ॲल्बर्ट शँकर यांनी शिक्षकांनीच नव्या धर्तीच्या शाळा काढाव्यात, असे सुचवले. आजच्या स्वरूपाला शँकर यांचीच मांडणी अधिक जवळची दिसते. तिचा गाभा मात्र शिक्षकांचे स्वातंत्र्य हा होता, शाळाशाळांतील स्पर्धा नव्हे. नफ्यासाठी कंपन्या या क्षेत्रात शिरू लागल्यावर शँकर स्वतः टीकाकार झाले. समर्थकांच्या लेखनात ही बाब अनेकदा गाळली जाते, हे गैर आहे.

पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. त्यात आठच शाळांना मुभा होती. १९९२ मध्ये सेंट पॉल येथे सिटी अकॅडमी सुरू झाली.

गुणवत्तेचा वाद मुख्यतः मोजणीच्या पद्धतीवर अडला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील केंद्राच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के कमी प्रतीच्या आणि उरलेल्या जवळपास सारख्याच आढळल्या. येथे प्रत्येक मुलाची तुलना नेहमीच्या सरकारी शाळेतील, पूर्वीचे गुण व घरची स्थिती जुळणाऱ्या मुलांशी केली होती. पालकांची आस्था मात्र अशा जुळणीत उतरत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की शाळा सोडत काढते. सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली, दोन्ही मुले अर्ज केलेल्या घरांतलीच असतात. म्हणून सोडतीवर आधारलेला पुरावा अधिक भक्कम मानावा. बॉस्टनमध्ये त्यातून मोठी प्रगती दिसली. पण जागा रिकाम्या राहणाऱ्या शाळांबद्दल तो काहीच सांगत नाही.

न्यू ऑर्लीन्समध्ये २००५ च्या कतरिना वादळानंतर बहुतेक शाळा चार्टर झाल्या आणि हजारो शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी चार्टर शाळांची कमाल मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव फेटाळला. विद्यार्थ्यामागे मिळणारे अनुदान चार्टर शाळेकडे वळते, पण मागे उरलेल्या शाळेचा इमारतीचा व बसचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.